दापोडीची बाग आणि डॉ. गिब्सन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे-लोणावळा लोकलने रोज दापोडी स्थानक ओलांडणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, एकोणिसाव्या शतकात याच गावी मुंबई सरकारचे वनस्पती उद्यान होते आणि अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८३८ पासून १८४७ पर्यंत त्याचा अधीक्षक होता. त्याची आठवण दापोडीत जपली जावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गिब्सनचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधील किंकार्डिनशायरचा. एडिंबरा येथे वैद्यक शिकून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि दख्खन व खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामावर हिंडला. या भटकंतीत पाहिलेली झाडेझुडपे त्याला पुढे उपयोगी पडली असणार. दापोडीत आणि जुन्नरजवळच्या हिवरे येथील बागेत त्याने केवळ शोभेची रोपे वाढवली नाहीत, तर सरकारी औषध भांडारासाठी औषधी वनस्पतींचीही लागवड केली.

१८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि १८६० पर्यंत त्या पदावर राहिला. कोकणातील डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, हे त्याने सरकारला त्या काळी बजावले होते. आज कोकणातली कोणतीही खाडी पाहिली तरी त्या इशाऱ्याचे मोल कळते. मात्र डोंगरउतारावर कुमरी शेती (झाडे तोडून-जाळून केलेली फिरती शेती) करणाऱ्यांना त्याने जंगलाचे शत्रू मानले आणि जंगलावरच्या सरकारी बंधनांचा भार गरिबांवर पडला, हेही नोंदवलेच पाहिजे. निवृत्तीनंतर, १८६१ मध्ये, निकोल डॅल्झेल या दुसऱ्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञासह त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६७ मध्ये त्याचे निधन झाले. सह्याद्रीतील एक आमरी (ऑर्किड), हॅबेनेरिया गिब्सनी, आजही त्याचे नाव सांगते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दापोडीच्या वनस्पतींची चित्रे. दीडशेहून अधिक रंगीत चित्रे गिब्सनने एका चित्रकाराकडून काढून घेतली आणि ती आज एडिंबरा येथील शाही वनस्पती उद्यानात सुरक्षित आहेत. ती काढणाऱ्या पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. तो गोव्याकडचा असावा, असा माझा तर्क आहे.

महापालिकेने एडिंबरा येथून या चित्रांच्या प्रती मागवाव्यात आणि त्यांतील निवडक चित्रे, वनस्पतींच्या मराठी नावांसह, दापोडीत फलकांवर लावावीत. त्या फलकांवर गिब्सनच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ‘चित्रकार : नाव नोंदलेले नाही’ असे अवश्य लिहावे.

आपला,
एक वाचक, पुणे