अर्जदार नंबर २ ला कुणी विचारलं?

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय, स.न.वि.वि.

माझे मेहुणे एसी दुरुस्तीचं काम करायचे. तीन वर्षांपूर्वी पूर्व द्रुतगती मार्गावर टँकरने त्यांना उडवलं. वय ३४. गेल्या शनिवारी लोकअदालतीत भरपाईच्या अर्जात तडजोड झाली. अर्जदार नंबर १ माझी बहीण, २ तिची मुलगी, ३ सासूबाई. मुलीच्या नावापुढे छापलंय, ‘अज्ञान, अ.पा.क. आई’. बाकावर बसून तिने ते वाचलं आणि मला विचारलं, “मामा, मी अज्ञान कशी? मी चौथीत आहे.” कोर्टाच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता.

पुरसीस, म्हणजे तडजोडीचं कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, वकिलांनी आधीच टाइप करून आणली होती. रकमेचे आकडे तेवढे पेनाने भरले. पॅनेलपुढे आम्ही चार मिनिटं होतो. मुलीच्या शिक्षणाबद्दल एक प्रश्नही कुणी विचारला नाही.

महिना १८ हजार कमाई, त्यांच्या स्वतःच्या खर्चाचे एक तृतीयांश वजा, वयानुसार वर्षाच्या रकमेला गुणक १६, वर कमाईत ४० टक्के भावी वाढ. सर्वोच्च न्यायालयाच्याच सूत्राने माझा हिशोब ३२ लाखांवर जातो. चुकला असेल तर दाखवून द्या. तडजोड झाली १४ लाखांवर, मुलीच्या नावे मुदत ठेव ४ लाखांची. “ताई, आज सही करा, नाहीतर विमा कंपनी हायकोर्टात जाईल,” एवढं सांगितल्यावर बहिणीने सही केली. तिचं मंगळसूत्र गहाण आहे, घरभाडं थकलंय. मी तिला दोष देत नाही. तीन वर्षं प्रत्येक तारखेला मी बिनपगारी रजा टाकून भांडुपहून गेलो. साहेब रजेवर, कंपनीचे वकील गैरहजर, पुढची तारीख. माणूस असा थकवला की तो कुठेही सही करतो.

आईला पैसे आज हवेत, मुलीला नऊ वर्षांनी. म्हणूनच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ मध्ये अज्ञानाच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते, आणि ती मुलाच्या हिताची आहे असा वकिलाचा दाखलाही. तो दाखला छापील मिळणार असेल तर नियम कुणासाठी आहे? लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलही नाही. तुमचं खातं मात्र किती प्रकरणं निकाली निघाली, किती कोटी वाटले, एवढंच मोजतं. मुलाच्या हक्काचे किती बुडाले, हे कोण मोजतं?

विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलांना वकील मोफत मिळतो. तीन वर्षांत हे आम्हाला एकानेही सांगितलं नाही. अज्ञान अर्जदार असेल तिथे त्या मुलासाठी वेगळा वकील द्या. रकमेचा हिशोब मराठीत लिहून आईच्या हातात द्या, आणि सहीसाठी तिला निदान आठवडा द्या. न्यायाधीशांनी तिच्याशी एकटीशी बोलावं, वकिलाला बाहेर बसवून.

आदेशाची प्रत माझ्यासमोर आहे. मुलीच्या हिताबद्दल त्यात एकच ओळ आहे, तीही छापील. मला त्या ओळीचं उत्तर हवं आहे.

आपला,
अर्जदार नंबर २ चा मामा, भांडुप