बार्बाराबद्दल, तुला

प्रिय शुभा,

परवा तू विचारलंस, ‘ही बार्बारा कोण गं, जिचं तुला एवढं वेड लागलंय?’ फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

बार्बारा म्हणजे स्वतः गाणी लिहिणारी फ्रेंच गायिका. खरं नाव मोनिक सेर्फ. १९३० साली पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मली. जर्मनांनी फ्रान्स व्यापला आणि लहानपण गावोगाव लपण्यात गेलं. विशीत ब्रसेल्सला जाऊन मिळेल तिथे गायली, मग पॅरिसला परतून सीन नदीकाठच्या ‘लेक्लूझ’ या कॅबरेत जम बसला. कॅबरे म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला नाच येईल, तो आधी पुसून टाक. एक चिंचोळी जागा, दाटीवाटीनं बसलेले श्रोते आणि पियानोपाशी काळ्या कपड्यांतली ही. सुरुवातीला ब्रासांस आणि ब्रेल या गायक-गीतकारांची गाणी म्हणायची. स्वतःची मागाहून आली.

त्यातलं ‘नाँत’ ऐकून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. घर सोडून गेलेले वडील १९५९ मध्ये नाँत शहरात वारले. ही पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावरचं हे गाणं. वडिलांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार केले, हे तिनं अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात लिहिलं. ते छापलं गेलं १९९८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. हे कळल्यावर ‘नाँत’ पुन्हा ऐकलं, तर त्यात कुठेही सूड नाही गं. इतकं कसं पेललं असेल तिनं?

पण तुला खरं सांगायचंय ते जर्मनीतल्या गॉटिंगेन गावाबद्दल. १९६४ साली तिथल्या एका छोट्या नाट्यगृहाच्या तरुण संचालकानं तिला बोलावलं. जर्मनीत गायचं? तिनं आधी नाहीच म्हटलं. मग तयार झाली, पण ग्रँड पियानो हवा या अटीवर. जाऊन बघते तर रंगमंचावर उभा पियानो! त्याच्याआडून श्रोते दिसणार कसे? आणि पियानो वाहून नेणारे हमाल नेमके संपावर. ही हटून बसली. शेवटी गावातल्या एका वृद्ध बाईंनी आपला ग्रँड पियानो देऊ केला आणि दहा विद्यार्थ्यांनी तो उचलून आणला. कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला, तरी लोक थांबलेले! तिनं मुक्काम आठवडाभर वाढवला आणि शेवटच्या दुपारी नाट्यगृहाच्या बागेत बसून त्या गावावर गाणं लिहायला घेतलं. त्याच रात्री, अर्धंमुर्धं होतं तसं, म्हणून दाखवलं.

लपतछपत वाढलेली मुलगी त्या गाण्यात म्हणते की मुलं पॅरिसमध्ये काय नि गॉटिंगेनमध्ये काय, सारखीच असतात. युद्ध संपून वीसच वर्षं झाली होती, शुभा! फ्रान्स-जर्मनी मैत्री करारावर आदल्याच वर्षी सह्या झालेल्या. पण सह्यांनी मनं कुठे जुळतात? ते काम या गाण्यानं केलं, असं मला मनापासून वाटतं. २००३ मध्ये कराराला चाळीस वर्षं झाली, तेव्हा गॉटिंगेनलाच शिकलेले जर्मन चान्सलर श्रोडर यांनी व्हर्सायच्या भाषणात याच गाण्याची आठवण काढली. ते ऐकायला ती नव्हती. १९९७ च्या नोव्हेंबरात गेली. शेवटच्या वर्षांत एड्सच्या रुग्णांसाठी आणि तुरुंगातल्या कैद्यांसाठी तिनं पुष्कळ केलं, त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तुझं जर्मन अजून शाबूत आहे ना? १९६७ मध्ये तिनं ‘गॉटिंगेन’ जर्मनमध्येही म्हटलंय. आधी ते ऐक, मग फ्रेंच. आणि ऐकल्यावर लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझीच,
मीरा