सीमाभागाच्या ५४ कोटींचा हिशेब द्या

महोदय,

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत घेतलं, ५४ कोटी मंजूर केले. कर्नाटकाने हरकत घेतली; ती घेणारच होते. पण पैसा पोहोचला कुठवर?

माझ्या मेहुण्याला हृदयाचं दुखणं. कार्ड एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं), म्हणजे कर्नाटकाच्या योजनेतून खर्चाचा फक्त तीस टक्के भार उचलला जातो. म्हणून शंभराहून जास्त किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठलं. तिथल्या एका दवाखान्यात खिडकीवरच्या पोराने रेशनकार्ड उलटसुलट केलं. कन्नड अक्षरं, पत्ता खानापूर तालुका. म्हणाला, "काका, हे कॉम्प्युटर घेत नाही." वरिष्ठांना फोन केला, तेही उद्या या म्हणाले. शेवटी बहिणीच्या पाटल्या मोडल्या. ऑपरेशन छान झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही.

सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. तोवर त्या ५४ कोटींतले किती खर्च झाले, किती रुग्णांना लाभ मिळाला, हे जाहीर करावं. आमच्या भागातून कोणती कागदपत्रं लागतात याची यादी छापावी, आणि कोल्हापूरच्या त्या खिडक्यांवर कन्नड वाचता येणारा एक तरी माणूस बसवावा.

— एक शेतकरी, खानापूर तालुका, जि. बेळगाव