पायलट 'दमलोय' म्हणाला तर त्याचं ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ड्युटीचे तास संपले म्हणून पायलटने विमान न्यायला नकार दिला आणि प्रवासी चार तास एअरपोर्टवर अडकले, ही बातमी तुम्ही छापलीत आणि त्यावर वाचकांची जी पत्रं आली ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. एकाने लिहिलंय की एवढा पगार घेतात तर अजून दोन तास काम करायला काय झालं. प्रवाशांचा त्रास खरा आहे, लहान मुलं घेऊन खुर्चीत रात्र काढणं सोपं नाही, पण त्या पायलटने त्या दिवशी त्यांच्यासाठी काय केलं हे कोणीच लिहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ पायलट आहे, फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट. त्याच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवलाय. रात्री 2 चं रिपोर्टिंग असलं की तो संध्याकाळी 6 लाच दार लावून आडवा होतो, आम्ही टीव्ही बंद करतो, बेल काढून ठेवतो, आणि 8 वाजता मी हळूच दार उघडून बघते तर हा छताकडे बघत जागाच. संध्याकाळी शरीर झोपायला तयारच नसतं, तुम्ही कितीही ठरवा. साडेदहाला कधीतरी डोळा लागतो आणि पाऊणला अलार्म. म्हणजे झोप झाली सव्वादोन तास, पण रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, त्याला 14 तास रेस्ट मिळालेली असते! सगळं नियमात. दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ला घरी येतो तेव्हा एक बूट काढून दुसऱ्याची लेस हातात धरून तसाच सोफ्यावर झोपलेला असतो. एकदा उठून मला विचारलं, ताई आज वार कुठला? मला पोटात गोळाच आला, कारण तीन तासांपूर्वी ह्यानेच दीडशे माणसं खाली उतरवली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियम ड्युटीचे तास मोजतात, झोप मोजत नाहीत. दारू प्यायलाय का ते तोंडाला नळी लावून कळतं, झोप झाली नाही हे सांगणारं असं साधं मशीन विमानतळावर कुठेच नाहीये. आणि परिणाम जवळजवळ तोच होतो. ऑस्ट्रेलियात 1997 साली संशोधकांनी माणसांना जागं ठेवून तपासलं, सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्यासारखं काम करतो असं निघालं, आणि बऱ्याच देशांत गाडी चालवायची मर्यादाच तेवढी आहे. त्यात पहाटे 2 ते 6 ही वेळ शरीराची सगळ्यात मंद. नेमक्या त्याच सुमाराला कितीतरी रात्रीच्या फ्लाइट्स लँडिंगला येत असतात, म्हणजे सगळ्यात जास्त लक्ष जेव्हा लागतं तेव्हाच डोकं सगळ्यात कमी चालत असतं.

बरं दमलेला माणूस डुलक्याच देतो असंही नाही. तो एका गोष्टीला चिकटून बसतो. 18 ऑगस्ट 1993 ला क्युबातल्या ग्वांतानामो बे इथे एक मालवाहू विमान उतरताना पडलं, कॅप्टन 23 तासांहून जास्त वेळ जागा होता, तो खालचा एक दिवा शोधत राहिला जो त्या दिवशी बंदच होता, आणि तिकडे विमानाचा वेग कमी कमी होत गेला. तिघे क्रू वाचले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने थकवा हे अपघाताचं मुख्य कारण म्हणून पहिल्यांदा लिहिलं ते ह्याच अपघातात.

मंगळूरचा अपघात आपल्याकडे सगळ्यांना आठवत असेल, 22 मे 2010, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं, 158 माणसं गेली, 8 वाचली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता, फ्लाइटमधला दीड तासापेक्षा जास्त वेळ तो झोपला होता. म्हणजे झोप मिळाली होती की, असं कोणी म्हणेल. पण गाढ झोपेतून उठल्यावर बराच वेळ डोकं ताळ्यावर येत नाही, आपण घरी उठतो तेव्हा पाच मिनिटं बसून राहिलो तर चालतं, त्याला मात्र उठून लगेच विमान उतरवायला धावपट्टीकडे न्यायचं होतं. विमान उंच होतं, वेग जास्त होता, को-पायलटने गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता परत वर घ्या, म्हणून सांगितलं तरी तो उतरवतच राहिला. हे मी जेव्हा वाचलं तेव्हा त्या को-पायलटच्या जागी मला माझा भाऊ दिसला, कित्येक रात्री नीट झोप लागली नाही मला.

आणि 2024 च्या जानेवारीत इंडोनेशियात बातिक एअरचं विमान, आत 153 प्रवासी, दोन्ही पायलट एकाच वेळी 28 मिनिटं झोपलेले. कॅप्टन को-पायलटला सांगूनच झोपला होता, पण को-पायलटच्या घरी महिन्याभराची जुळी होती, त्यालाही झोप आवरली नाही. विमान मार्ग सोडून भलतीकडे गेलं होतं, कॅप्टनला जाग आली म्हणून सगळे वाचले. जुळ्या बाळांचा बाप रात्री किती झोपतो हे कुठल्या रोस्टरमध्ये लिहिलेलं असतं सांगा.

नियम बदलतात, पण माणसं गेल्यावर. 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ विमान पडून 50 जण गेले, त्यातली फर्स्ट ऑफिसर ड्युटीवर यायलाच रात्रभर प्रवास करून अख्खा देश ओलांडून आली होती. गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी पाठपुरावा केला म्हणून 2014 पासून तिथे 10 तास रेस्ट आणि त्यात 8 तास झोपेची सलग संधी असा नियम लागू झाला. पण मालवाहू विमानांना त्यातून वगळलं. हा नियम ठरला होता पण लागू व्हायचा होता, तेव्हा 14 ऑगस्ट 2013 ला पहाटेच्या अंधारात बर्मिंगहॅम, अलाबामाला यूपीएसचं मालवाहू विमान पडलं, त्यातले दोघे पायलट टेकऑफच्या आधी हेच बोलत होते की नवा नियम आपल्याला का नाही. दोघेही गेले.

म्हणून म्हणते, जोपर्यंत झोप मोजता येत नाही तोपर्यंत पायलटचा शब्द हेच मशीन आहे, आणि ते मशीन आपणच बंद पाडतोय. माझ्या भावाने एकदा 'फटीग', म्हणजे थकवा, म्हणून कळवलं, आता उडवू शकत नाही असं सांगितलं, तर पुढचे दोन दिवस फोन, रेस्टमध्ये काय करत होतास, झोपला का नाहीस, लेखी दे. पुढच्या वेळी त्याने सरळ सिक टाकलं, पोट बिघडलंय म्हणून. असं झालं की कंपनीच्या रेकॉर्डवर पोट बिघडल्याची नोंद राहते, थकव्याची राहतच नाही, आणि मग कोणी विचारलं की सांगता येतं आमच्याकडे फटीगच्या तक्रारी नाहीतच. फटीग कळवलं तर पगार कापायचा नाही आणि जाब विचारायचा नाही, फक्त कुठल्या रोस्टरमुळे झालं ते तपासायचं, एवढं तरी सगळीकडे सक्तीचं व्हायला हवं.

त्या पत्रलेखकाला माझं सांगणं आहे, तुमच्या पायलटने स्वतःहून थांबून तुम्हाला चार तास उशीर केला, त्याच्यावर रागावू नका. राग येणारच असेल तर जादा क्रू तयार न ठेवणाऱ्यांचा येऊ दे. आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक विनंती, पुढच्या वेळी 'पायलटच्या नकारामुळे विमान रखडले' अशी बातमी आली तर तो क्रू किती वाजल्यापासून जागा होता तेवढं विचारून त्याच बातमीत छापा.

आपली,
एका पायलटची बहीण