कायदा आहे, पण तक्रार कुठं करायची?

संपादक साहेब, नमस्कार.

एचआयव्ही आहे म्हणून कुणाला कामावरून काढायचं नाही, भाड्याने घर नाकारायचं नाही, उपचार टाळायचे नाहीत, असा कायदा २०१७ला झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू पण झाला. तरीही माझ्या चुलतभावाचा पाय मोडला तेव्हा एका खाजगी हॉस्पिटलने रिपोर्ट बघून ऑपरेशन पुढे ढकललं, फाईलवर लाल पेनने मोठ्या अक्षरात ‘एचआयव्ही’ लिहून ती कॉटला अडकवली, येणारा-जाणारा प्रत्येकजण वाचतोय, आणि शेवटी म्हणाले दुसरीकडे बघा. टेस्ट करताना त्याला विचारलंसुद्धा नव्हतं, कायद्याने तर नीट समजावून संमती घ्यावीच लागते. मोडका पाय घेऊन माणसाने फिरायचं तरी किती?

भाऊ एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या नेमाने घेतो, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडत नाही इतकं कमी आहे. आणि ग्लोव्ह्ज वगैरे काळजी प्रत्येक पेशंटसाठी घ्यायचीच असते ना, कितीतरी लोकांना स्वतःचं स्टेटस माहीतच नसतं.

ह्याच कायद्यात आहे की वीस किंवा जास्त माणसं काम करतात त्या दवाखान्यात तक्रार अधिकारी पाहिजे, वर राज्य सरकारने नेमलेला लोकपाल, त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा, पेशंटची इमर्जन्सी असेल तर शक्यतो २४ तासांत, आणि आदेश पाळला नाही तर १० हजारांपर्यंत दंड, तरी ऐकलं नाही तर रोजचे ५ हजारांपर्यंत. आम्हाला हे सगळं ऑपरेशन दुसरीकडे झाल्यावर एआरटी सेंटरच्या समुपदेशक ताईंनी सांगितलं! त्या हॉस्पिटलात रेटकार्ड होतं, कॅशलेसचा बोर्ड होता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

नाव फुटेल म्हणून लोक गप्प बसतात, आमच्या घरातले पण बसले. पण मुंबई हायकोर्टाने १९९७मध्येच एका कामगाराची केस खरं नाव उघड न करता चालवली आणि माणूस कामाला फिट असेल तर नुसतं एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही असं सांगितलं. आता नाव लपवून केस चालवायची सोय कायद्यातच आहे, हे किती जणांना माहितीये?

आरोग्य खात्याने प्रत्येक हॉस्पिटलला तक्रार अधिकाऱ्याचं नाव नि फोन नंबर दर्शनी भागात लावायला सांगावं, आणि लोकपालाचा नंबर एआरटीच्या कार्डवरच छापावा.

एक वाचक, सोलापूर
(कृपया नाव छापू नये)