शिफारशीसोबत ठावठिकाणाही छापा

रविवारच्या पुरवणीत या आठवड्यापासून पुस्तके, कथा आणि स्वतंत्र संगीत यांच्या वैयक्तिक शिफारशी सुरू झाल्या, त्याचे मनापासून स्वागत. विनंती एकच : शिफारस केलेली गोष्ट मिळेल कुठे, तेही छापावे. पुस्तक दुकानात मागता येते. कथेचे तसे नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कितीतरी मराठी कथा आधी दिवाळी अंकांत येतात आणि संग्रहात गेल्या नाहीत तर तिथेच राहतात. गेल्या महिन्यात एका कथेसाठी मी आमच्या वाचनालयात सुतळीने बांधलेले जुन्या अंकांचे पाच गठ्ठे सोडले. वर्ष ठाऊक असते तर एकच पुरला असता.

संगीताबाबत तर हे अधिकच गरजेचे. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम विकला गेला की ते साधारण १५ टक्के घेते. व्यवहाराचा खर्च वजा जाता बाकीची रक्कम कलाकाराकडे जाते. स्ट्रीमिंग ॲपवर एकदा गाणे ऐकले तर त्याच्या वाट्याला रुपयाही येत नाही. अल्बम कुठे विकत मिळेल, एवढी एक ओळ सदरात नक्की मावेल.

– एक वाचक, सांगली