लॅबमधल्या मामांना

मामा, नमस्कार.

परवा बॅचच्या ग्रुपवर तुमचा शाल-श्रीफळ घेतलेला फोटो आला तेव्हा कळलं की तुम्ही ३१ मेला कॉलेजच्या लॅब अटेंडंटच्या नोकरीतून रिटायर झालात. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, मीपण टाकला, पण रात्री झोपताना वाटलं की तेवढ्यानं नाही भागत. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला घरी येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला हे बाकीच्यांनीही वाचायला हवंय, खास करून ज्यांची पोरं बीएस्सीला आहेत आणि ज्यांना वाटतं की कॉलेजात शिकवतात ते फक्त सर आणि मॅडमच.

मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, अकरावी-बारावी इंग्रजीतून पाठ करून काढलेली. जेनेटिक्सचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, पेपर आला तेव्हा पनेट स्क्वेअरचे, म्हणजे आईबापाचे कुठले गुण पिल्लांत कसे जुळतील त्या तक्त्याचे, चौकोन मी बरोबर भरायचे, मार्कही मिळायचे, पण त्या कॅपिटल टी आणि स्मॉल टीच्या मागं खरंच काहीतरी जिवंत आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं. ते जाणवलं तुमच्या त्या मागच्या खोलीत, जिथं प्रयोगासाठी फळमाश्या, म्हणजे ड्रोसोफिला, पाळलेल्या असायच्या आणि त्यांच्या खाण्याच्या गुळाचा वास यायचा.

तो वास मला अजून आठवतो मामा. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर, मोठ्या पातेल्यात तुम्ही घोटत बसायचे, घरी लापशी करतात तसं, आणि खाली उतरवून जरा निवल्यावर प्रोपिओनिक अ‍ॅसिड टाकायचे, बुरशी धरू नये म्हणून. मग बाटल्यांत ओतून कापसाचे बूच. तेव्हा आम्ही पोरी दारातून बघून निघून जायचो. आता एमएस्सीला आल्यावर स्वतः करायला लागलं तेव्हा कळलं की गुठळी न होऊ देता ते घोटणं किती अवघड आहे. आणि अकोल्याचा उन्हाळा! माशीला २५ डिग्री लागतं, तिशीच्या पुढं नर वांझ व्हायला लागतात, आणि आपल्याकडं एप्रिलमध्येच पारा ४३-४४ ला. लाइट गेली की इनक्युबेटर बंद, तेव्हा परातीत पाणी घालून त्यात बाटल्या उभ्या करून वरून ओलं गोणपाट टाकलेलं मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुम्ही सायकलवर येऊन ते गोणपाट ओलं करून जायचे, हे कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाहीये.

आता मुख्य गोष्ट. आमचा पहिला क्रॉस, म्हणजे दोन वेगळ्या गुणांच्या माशांची जोडी लावणं, आठवतो का? आखूड पंखांची मादी, म्हणजे व्हेस्टिजियल, आणि साधा नर. पुस्तकाप्रमाणे पहिल्या पिढीत सगळ्या माशा लांब पंखांच्या यायला पाहिजेत कारण आखूड पंख अप्रभावी, लांब पंखाचा जीन सोबत असला की ते दबून राहतात. माझ्या बाटलीत ९३ माशा निघाल्या आणि त्यातल्या २१ आखूड पंखांच्या. मी घाबरले. सबमिशनला चार दिवस होते, शेजारच्या पोरींची जर्नलं भरलेली, आणि मी सरळ पेन काढून ‘सर्व लांब पंख’ असं लिहायला घेतलं. तुम्ही ट्रे पुसत होते, मागून येऊन म्हणाले, "खोटं काहून लिहितं पोरी? माशीनं चूक नाही केली, तिनं तुले सांगतलं काय झालं ते."

आणि मग तुम्ही सांगितलं काय झालं ते. मादी व्हर्जिन नव्हती, म्हणजे आधीच कुठल्यातरी नराशी तिचं मीलन झालेलं होतं. कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास मादी नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून संध्याकाळी बाटलीतल्या सगळ्या माशा काढून टाकायच्या आणि त्या आठ तासांच्या आत जेवढ्या नव्या निघतील तेवढ्याच घ्यायच्या, मी मात्र सकाळी अकराला आरामात येऊन उचलल्या होत्या, म्हणजे तिचं तिच्याच बाटलीतल्या आखूड पंखाच्या नराशी आधीच जमलेलं. ताजी माशी ओळखायची खूण तुम्ही पेंटब्रशच्या टोकानं दाखवली, अंग पांढुरकं, पंख अजून पूर्ण न उलगडलेले, आणि पोटात काळपट ठिपका दिसतो तो. माशांना बेशुद्ध करायला ईथर किती द्यायचं तेपण तेव्हाच, पंख वर उभे ताठ झाले की माशी मेली समज. पुस्तकात हे एका ओळीत असतं, आणि ती ओळ मी परीक्षेसाठी पाठसुद्धा केली होती.

जर्नलमध्ये मी ९३ आणि २१ असंच लिहिलं आणि कारणही लिहिलं. मॅडमनी सही केली, काही कापलं नाही.

दुसऱ्यांदा क्रॉस लावला तेव्हा तुम्ही मला सकाळी सातला लॅब उघडून दिली, आठवडाभर. दुसऱ्या पिढीत १६४ माशा, ११९ लांब, ४५ आखूड. तीनास एकच्या हिशेबानं अपेक्षित १२३ आणि ४१. आलेले आकडे अपेक्षेपासून किती लांब आहेत ते सांगणारा काय स्क्वेअर काढला तर ०.५२ आला, टेबलमधल्या ३.८४ च्या कितीतरी खाली, आणि मी त्या दिवशी बसस्टँडवर उभी राहून तो कागद पुन्हापुन्हा वाचत होते. मेंडेलनं ७३२४ वाटाणे मोजले होते, ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६ ला एक. त्यालाही अगदी बरोब्बर तीनास एक आलं नव्हतं, आणि त्यानं जे आलं ते छापलं. हे मी आधी वाचलेलं होतं पण त्याचा अर्थ मला तुमच्या त्या एका वाक्यानंतर लागला.

आणि पांढऱ्या डोळ्यांच्या माशा! पांढऱ्या डोळ्यांची मादी, लाल डोळ्यांचा नर. पांढरा रंगही अप्रभावी, तरी पहिल्या पिढीतच पांढरे डोळे दिसले तशी मला वाटलं परत व्हर्जिनचीच चूक झाली, बाटली उपडी करायला निघाले होते तर तुम्ही हात धरला. "थांब. पहिले नर-मादी अलग कर, मंग फेक." मी भिंगाखाली एकेक सरकवायला लागले, पोटाचं टोक काळं बोथट ते नर, पट्टेदार टोकदार ती मादी. दहा झाल्या, वीस झाल्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. लाल डोळ्यांच्या सगळ्या मुली, पांढऱ्या डोळ्यांची सगळी मुलं. एकही अपवाद नाही. आईचा एक्स क्रोमोसोम मुलाकडं जातो आणि बापाकडून त्याला वाय क्रोमोसोम मिळतो, त्यावर डोळ्याच्या रंगाचा तो जीनच नाही, म्हणून आईचं जे असेल ते मुलात उघडं पडतं. न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञानं पांढऱ्या डोळ्यांचा तो पहिला नर १९१० मध्ये जगापुढं मांडला होता, आणि शंभरेक वर्षांनी अकोल्यात एका खोलीत मला तो धागा माझ्या हातानं सापडला. तुम्हाला उत्तर माहीत होतं. तरी तुम्ही सांगितलं नाही, मला मोजू दिलं. यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त आभारी आहे.

बाबांचं पण सांगायचंय. आमच्याकडं कापूस. बाबा दरवर्षी बियाण्याचं पाकीट विकत आणायचे आणि दरवर्षी म्हणायचे की घरची सरकी ठेवून का नाही पेरता येत. तुमच्या बाटलीतली दुसरी पिढी बघितल्यावर मी त्यांना समजावू शकले, की हायब्रिडच्या पुढच्या पिढीत सगळे गुण वेगवेगळे फुटतात, एक झाड असं एक तसं. आणि तुम्हीच एकदा विचारलं होतं, "पाकिटातलं ते बारकं पाकीट पेरता का घरी?" ४५० ग्रॅम बीटीसोबत, म्हणजे बोंडअळी मारणारा जीन घातलेल्या कापसाच्या बियाण्यासोबत, १२० ग्रॅम साध्या कापसाचं यायचं ते. आम्ही फेकून द्यायचो. त्याचं कारण तुम्ही नर-मादीवरूनच सांगितलं होतं: बीटीला न मरणारी अळी सुरुवातीला विरळ असते, तिचा पतंग होऊन साध्या कापसावरच्या पतंगाशी मीलन झालं की पिल्लांत तो प्रतिकार अर्धाच उतरतो आणि ती बीटीवर मरतात, पण साधा कापूसच नसेल तर तसल्याच तसल्यांशी जमणार. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमची बोंडं आतून पोखरली तेव्हा बाबा काही बोलत नव्हते, नुसते धुऱ्यावर बसून राहायचे. ते का झालं, हे मला बाबांना नीट सांगता आलं ते तुमच्यामुळं.

इथं एमएस्सीला पहिल्याच आठवड्यात स्टॉकच्या बाटल्या दिल्या. मी रात्री बाटली रिकामी केली आणि पहाटे उठून व्हर्जिन काढल्या, तर सीनियर ताई म्हणाली हे कुठं शिकलीस. मी तुमचं सांगितलं.

एक राहिलं. थर्ड इयरला तुम्ही माशीच्या अळीच्या लाळग्रंथी काढून दाखवल्या होत्या, त्यांच्या पेशीतल्या मोठ्या क्रोमोसोमवर पट्टे दिसतात म्हणून, दोन सुयांनी, एका झटक्यात, त्या काचेसारख्या दोन पिशव्या सलाइनमध्ये तरंगत बाहेर आल्या होत्या. स्लाइड झाल्यावर तुम्ही मला मायक्रोस्कोपवर बसवलं आणि म्हणाले, "मले आता बारीक दिसत नाही, तू सांग पट्टे दिसतात का." तेव्हा माझ्याकडून स्क्वॅश, म्हणजे काचेखाली दाबून पसरवणं, नीट झाला नव्हता, सगळं गोळा झालेलं, मी दिसतात म्हणाले, पण खरं तर दिसत नव्हते.

आता जमतं मामा. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं असं तुमच्या मुलानं सांगितलं. दिवाळीत घरी येतेय. कॉलेजच्या मॅडमना विचारून ठेवलंय, मायक्रोस्कोप देतील. लॅबच्या मागच्या शेल्फवर केळी ठेवून माशापण धरून ठेवायला सांगितल्यात, अळ्या वेळेवर तयार होतील. तुम्ही फक्त दिवस कळवा, सकाळचा ठेवू, आणि यावेळी आयपीसला पहिला डोळा तुम्ही लावायचा.

तुमची,
२०१९ च्या बॅचची, खिडकीजवळच्या टेबलवाली